इनासचा विलास

जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये दाखल-खारीज रजिस्टर नावाचं एक जाडजूड पुस्तक असतं. मूल पहिलीत आलं की त्याचं नाव त्यात चढतं आणि मग ते जन्मभर त्याची पाठ सोडत नाही. हिंगणा तालुक्यात मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. माझं अक्षर बरं, म्हणून हे रजिस्टर लिहिण्याचं काम हेडमास्तर माझ्याकडे सरकवत. आज त्यातल्या एका ओळीबद्दल बोलायचं आहे. ती ओळ मी चुकीची लिहिली, आणि चूक सुधारतो आहे अशा समजुतीनं लिहिली.

१९७८ चा जून. तेव्हा पहिलीच्या प्रवेशाला जन्माचा दाखला कोणी मागत नसे. आई-बाप सांगतील ते नाव आणि मास्तर ठरवतील ती तारीख. अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस १ जुलैला येतो, त्याचं कारण हेच. एक दिवस गावातल्या एक म्हाताऱ्या बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मूल त्यांचं नव्हे, त्यांच्या भाडेकरूचं. बाप गोव्याकडचा, एमआयडीसीत फिटर, पहिल्या पाळीला गेलेला. आई आजारी. "इनास म्हन्तेत जी याले," बाई म्हणाल्या.

आता आमच्याकडे विहिरीची इहीर होते, विस्तवाचा इस्तो होतो आणि विठ्ठलाचा इठ्ठल. हा 'इ' उचलून तिथे 'वि' बसवणं हेच तर मास्तराचं काम. न आणि ल यांची अदलाबदलही नेहमीचीच, तिकडचं लिंबू इकडे निंबू. मी मनात क्षणभरात हिशेब केला आणि झोकदार अक्षरात लिहिलं : विलास. आडनाव ख्रिस्ती होतं, पण त्यानं काही अडलं नाही. नागपुरातल्या ख्रिस्ती घरांमधून विलास, सुधाकर, रत्नमाला अशी नावं सर्रास आढळतात. बाईंचा अंगठा घेतला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

पोरगं महिनाभरात 'विलास'ला ओ देऊ लागलं. बापाच्या हाती प्रगतिपुस्तक गेलं असणारच. त्यानं काही म्हटलं नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. त्यांच्याकडे माणसाचं चर्चच्या वहीतलं नाव एक, कागदावरचं दुसरं आणि घरातलं तिसरं, हे नवीन नव्हतं. शाळेचं म्हणून चौथं असेल, असं त्यानं धरलं.

१९९६ च्या सुमारास एक उंच तरुण घरी आला. आयटीआय झालेला, वेल्डर, आखाती देशात नोकरी ठरलेली. पासपोर्ट बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून निघाला होता, त्यावर 'इनासिओ'. शाळेच्या दाखल्यावर आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर 'विलास'. माणसं पाठवणाऱ्या एजंटानं कागद परत केले, हे दोन वेगळे इसम आहेत म्हणून. शाळा सोडल्यावर मूळ नोंद खोडता येत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक. जे नाव बापानं ठेवलं तेच 'नवं नाव' म्हणून त्याला पैसे भरून छापून घ्यावं लागलं. त्यात महिने गेले आणि ती जागा दुसऱ्यानं भरली. तो माझ्यावर चिडला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही इतके शिकले आहात. इनासचा अर्थ तरी काय होते?"

मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर मी त्याचाच पाठपुरावा केला.

इनास म्हणजे पोर्तुगीज इनासिओ, आणि इनासिओ म्हणजे लॅटिन इग्नातियुस. इंग्रजी शाळेत त्याचंच इग्नेशियस होतं. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्यामुळे हे नाव जगभर गेलं. गंमत अशी की खुद्द त्या संताचं बाप्तिस्म्याचं नाव इग्नेशियस नव्हतंच. १४९१ साली स्पेनच्या बास्क मुलखात जन्मलेल्या त्या मुलाचं नाव ठेवलं होतं इनिगो, अस्सल बास्क नाव. पुढे शिकायला पॅरिसला गेल्यावर तो स्वतःला इग्नेशियस म्हणवू लागला. म्हणजे ज्याच्या नावानं लाखो मुलांचे बाप्तिस्मे झाले, त्याच्याही कागदपत्रांत एक 'जुनं नाव' आणि एक 'नवं नाव' होतं. त्याला राजपत्र लागलं नाही, एवढाच फरक.

आणि अर्थ? इग्नातियुस हे रोममधल्या एका जुन्या घराण्याच्या नावाचं, एग्नातियुसचं, रूप. पण बोलताना लोकांनी त्याचा संबंध 'इग्निस' या शब्दाशी जोडला आणि एग्नातियुसचा इग्नातियुस झाला. इग्निस म्हणजे आग. हा इग्निस आणि आपला संस्कृत अग्नी एकाच कुळातले सख्खे शब्द आहेत. ही भाषांची भाऊबंदकी सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या भाषणात मांडली होती. म्हणजे मी ज्याच्या नावातला 'इ' अशुद्ध ठरवून काढून टाकला, त्या 'इ'मध्ये विस्तव होता. आमच्या बोलीतला इस्तोच म्हणा ना.

ही नावं आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात सांगतो. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत राहिली. धर्मांतर झालं की बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळे, कधी पाद्रीबाबाच्या पसंतीचं, कधी धर्मपित्याचं स्वतःचंच. ही नावं नेहमीच राजीखुशीनं घेतलेली नव्हती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, आणि जुन्या चालीरीती, जुनी नावं जपणाऱ्याला त्याची भीती होतीच. पण नाव एकदा घरात शिरलं की ते पाद्र्याचं राहत नाही, आजीचं होतं. आजीनं त्याला कोकणी जिभेवर असं काही घोळवलं की लिस्बनच्या माणसाला ओळखू येऊ नये. जुआंवचा जुवांव, सेबास्तियांवचा बस्त्यांव, कायतानोचा कायतान, रोझारिओचा रुझार, दोमिंगोसचा दुमिंग.

दुमिंग घ्या. लॅटिनमध्ये 'दोमिनुस' म्हणजे धनी, प्रभू. प्रभूचा वार तो रविवार, म्हणून पोर्तुगीजमध्ये रविवारला दोमिंगो म्हणतात. रविवारी जन्मला तो दुमिंग. आमच्या भागात सोमवारचा सोमा, मंगळवारचा मंगलू, तसंच हे. गोव्यातल्या ज्या घरात दुमिंग वाढतो त्याच घरात रविवारला मात्र आयतार म्हणतात, म्हणजे आदित्यवार! वाराला संस्कृतातून आलेला शब्द, पोराला लॅटिनमधून आलेला, आणि आईला दोन्ही आपलेच.

नाताळचंही तेच. हा शब्द आपण इतका मराठी केला आहे की त्यामागचा पोर्तुगीज 'नाताल' कोणाला आठवत नाही. लॅटिन 'नातुस' म्हणजे जन्मलेला. त्याचं जुनं रूप 'ग्नातुस', आणि ते आपल्या 'जात'चं, 'जन्मा'चं भावंड. नातालिया, नाताशा ही नावं त्यातलीच. फ्रेंचमध्ये त्याच नातालिसचं झिजून 'नोएल' झालं. नागपुरात मला नाताशा भेटल्या आहेत आणि नोएलही. दोघांचं नाव एकच, हे सांगितल्यावर दोघांनीही माझ्याकडे संशयानं पाहिलं.

खरं म्हणजे लॅटिन नावांचा अर्थ लावत गेलो की आपल्याच गावातून फिरल्यासारखं वाटतं. पौल म्हणजे लहान. आमच्या वर्धा-नागपूरकडे लहानू, लहानुजी घरोघर. व्हिक्टर म्हणजे विजय. लुसी, लुसिया यांत 'लुक्स' म्हणजे प्रकाश. क्लारा म्हणजे स्वच्छ, उजळ, आपली उज्ज्वला. फेलिक्स म्हणजे भाग्यवान. जुन्या रोमन लोकांकडे तर मुलांसाठी नावं जेमतेम दीड-दोन डझन होती आणि त्यांतही काही नुसते आकडे : क्विंटुस पाचवा, सेक्स्तुस सहावा, देकिमुस दहावा. मुलीला स्वतःचं असं नावच नसे. जुलियस घराण्यातली ती जुलिया, कॉर्नेलियस घराण्यातली ती कॉर्नेलिया, दोघी असल्या तर थोरली आणि धाकटी. नकुशी नाव ठेवणाऱ्या आपल्या समाजानं त्यांना हसू नये.

आणि हो, तो १ जुलै. ज्या महिन्यात मी पोरांना ठोक भावानं जन्माला घातलं, त्याचं आधीचं नाव होतं क्विंटिलिस, म्हणजे पाचवा. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या नावावरून तो जुलै झाला. पुढे सहाव्या महिन्याचा त्याचप्रमाणे ऑगस्ट झाला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर मात्र सात, आठ, नऊ, दहा हेच आकडे गळ्यात घालून नवव्या, दहाव्या, अकराव्या, बाराव्या जागी उभे आहेत. वर्षाची सुरुवात मार्चमधून जानेवारीत गेली, त्यांची नावं दुरुस्त करायला कोणी मास्तर गेला नाही.

फ्रान्सिस या नावानं तर मला फार हसवलं. असिसीच्या संताचा बाप्तिस्मा झाला जोव्हानी या नावानं. बाप कापडाचा व्यापारी, फ्रान्सशी देवघेव असलेला. तो पोराला फ्रांचेस्को म्हणू लागला, म्हणजे फ्रेंच, 'फ्रान्सवाला'. टोपणनावच ते! त्या टोपणनावावरून आजवर किती फ्रान्सिस झाले. गोव्यात १५४२ मध्ये उतरलेले फ्रान्सिस झेवियर त्यातलेच. २०२० साली उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यातलेच. आणि झेवियर हे मुळात एका बास्क गढीचं नाव. अर्थ : नवं घर. आपल्याकडचे नवघरे म्हणा.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, गोवा-वसईचं ठीक, हिंगण्याचा यात काय संबंध? तर टाकळघाटला चला. आमच्याच तालुक्यातलं गाव. तिथे आणि जवळच्या खापा गावी महापाषाणयुगीन शिळावर्तुळं आहेत. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे त्यांचं उत्खनन झालं. त्याच्या शंभर वर्षं आधी, ४ सप्टेंबर १८६३ ला, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ती वर्तुळं पाहायला आले होते. परतताना रात्र झाली, नाल्याला पूर होता, त्यात ते बुडाले. घोडा एकटाच परत आला. १८४५ पासून नागपुरात राहून शाळा चालवणारा, गोंडांच्या गाणी-कथा टिपणारा, दगडांतले जीवाश्म वेचणारा हा माणूस. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नागपूरच्या तळ्यात सापडलेल्या एका सूक्ष्म जलचर प्राण्याला १८५८ मध्ये शास्त्रज्ञांनी 'हिस्लोपिया' हे नाव दिलं, ते कमी लोकांना ठाऊक असेल. स्कॉटलंडच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून नागपुरी तळ्यात सोडून दिलं!

त्यांचं पहिलं नाव स्टीफन. मूळ ग्रीक 'स्तेफानोस', म्हणजे डोक्यावरचा विजयाचा मुकुट. लॅटिनमध्ये ते स्तेफानुस झालं आणि तिथून युरोपभर पांगलं. फ्रेंच एतिएन, हंगेरियन इश्तवान, स्पॅनिश एस्तेबान, पोर्तुगीज एस्तेवांव. मराठी बायबलात स्तेफन. हिस्लॉपच्या अडीचशे वर्षं आधी गोव्यात याच नावाचे आणखी एक गृहस्थ होऊन गेले. १५७९ मध्ये आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापलं गेलं. मराठीची थोरवी गाणारा तो ग्रंथ. या इंग्रजाला पोर्तुगीज राज्यात पाद्री एस्तेवांव म्हणत, आणि त्यांचं कोकणी व्याकरण त्यांच्या पश्चात, १६४० मध्ये, तोमास एस्तेवांव या नावानं छापलं गेलं. त्यांचे कागद परत करणारा एजंट तेव्हा नव्हता, हे मराठीचं नशीब.

दुसरी वाटही होती. नाव बदलायचंच नाही, ही. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, नाव तेच राहिलं. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्याकडे होते. नागपूर ते राजनांदगाव या आगगाडीच्या प्रवासात एका साहेबानं त्यांच्या हाती बायबल दिलं. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तरी ते शेवटपर्यंत नारायणच राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात मेरी रामा हे नाव घेतलं, पण आपल्यासाठी त्या रमाबाईच. विलास, सुधाकर ही आमच्याकडची ख्रिस्ती नावं याच वाटेवरची. टिळकांच्या मुलाचं नाव देवदत्त. मला हे नाव वाचून थांबावंच लागलं. कारण लॅटिनमध्ये 'देउस' म्हणजे देव, 'दातुस' म्हणजे दिलेला, आणि देओदातुस हे तिकडचं जुनं नाव आहे. संत ऑगस्टिनच्या मुलाचं नाव याच जातीचं, आदेओदातुस. देवदत्त आणि देओदातुस, अर्थ एक, आणि शब्दही एकमेकांचे सख्खे. कोणी ठरवून केलं असं नव्हे. पण एका टोकाला लॅटिन नाव टाळलं आणि दुसऱ्या टोकाला ते आपल्याच घरात निघालं.

मग मला माझ्याच रजिस्टरातलं एक नाव आठवलं, जे मी शेकडो वेळा लिहिलं होतं आणि कधी दुरुस्त करावंसं वाटलं नव्हतं. मिलिंद. नागपूर जिल्ह्यात वर्गात एक तरी मिलिंद नाही असं व्हायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर कचरू, धोंडू ही नावं मागे पडत गेली आणि सिद्धार्थ, राहुल, मिलिंद आले. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला १९५० मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला हेच नाव आहे. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा असाही एक शब्द आहे, पण आमच्याकडच्या घरांनी घेतला तो राजा मिलिंद. आणि तो राजा कोण? ग्रीक. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्येकडे राज्य करणारा मेनांद्रोस, इंग्रजी पुस्तकांतला मिनँडर. पाली भाषेनं त्याचा मिलिंद केला. म्हणजे 'म'शिवाय जवळपास सगळं बदललं! कोण्या मास्तरानं लाल शाईनं मिलिंद खोडून मेनांद्रोस लिहावं, असं सुचवून तर बघा.

'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात राजाचा भिक्खू नागसेनाला पहिला प्रश्नच नावाचा आहे. आपल्याला काय म्हणतात? नागसेन सांगतात, सोबती मला नागसेन म्हणतात खरे, आई-बाप असंच काही नाव ठेवतात, पण ते नुसतं संबोधन आहे, त्या नावाचा वेगळा कोणी आत बसलेला नाही. राजा काही लगेच ऐकत नाही. वाद रथापर्यंत जातो : चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. मला तो वाद पटतो. पण पासपोर्टच्या खिडकीपाशी उभं राहून तो मांडता येत नाही, हेही मी माझ्यामुळे एका पोराला भोगताना पाहिलं आहे. ज्याचे कागद जुळतात त्यानं म्हणावं नावात काय आहे.

मध्यंतरी त्या पोराकडे गेलो होतो. पोर कसला, पन्नाशी उलटलेला. आखातात तो पुढे तीन वर्षं जाऊन आला, दुसऱ्या कंपनीत. आता एमआयडीसी रस्त्यावर त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी इग्निस, अग्नी, इनिगो, सगळं सांगितलं. वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून त्यानं ऐकून घेतलं. "म्हणजे आगीचंच काम नशिबी होतं म्हणा," एवढं म्हणाला आणि चहा सांगितला.

चहा येईपर्यंत रस्त्यावरून दोघं मोटरसायकलवर गेले. मागचा ओरडला, "काय विलासभाऊ!" यानं हात वर करून ओ दिली. मी बघत राहिलो. म्हटलं, अजून विलास म्हणतात? तर म्हणाला, "अर्धे हिंगणेकर विलासच म्हणतात गुरुजी. दुकानाच्या पाटीवर मी दोन्ही टाकलं आहे." मी उठून बाहेर जाऊन पाटी पाहिली. विलास उर्फ इनास. पेंटरनं 'इनास' जरा बारीक अक्षरात काढलं होतं.